जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर: बुश बदलून तोच, बाजारातला नवा, की मॉड्यूल?

पुण्यात पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर सांभाळणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, इंजिन गरम झालं की मिसिंग येतं. गॅरेजवाला डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला योग्य वेळी ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून आत बघतो आणि ‘डिस्ट्रिब्युटर गेला’ म्हणतो. मग चार वाटा असतात. जुन्याच बॉडीला नवे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो ती कडी) आणि नवा सीबी पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा लहान स्विच), बाजारात मिळणारा नवा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, जुन्या बॉडीत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, किंवा अख्खा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. माझं मत आधीच सांगतो: बॉडी दुरुस्त होण्यासारखी असेल तर ती सोडू नका. आत पॉइंट ठेवायचा की मॉड्यूल, हे त्यानंतर बघा.

पण ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं, हे पैसे मोजण्याआधी तपासा. कॅप काढून रोटर (शाफ्टच्या डोक्यावरचा फिरता तुकडा) धरा आणि आडवा हलवून बघा. शाफ्ट बाजूला डुलत असेल तर बुश झिजले आहेत. अशा शाफ्टवर पॉइंटचं गेज (उघडल्यावरची फट) कॅमच्या प्रत्येक लोबला, म्हणजे उंचवट्याला, वेगळं येतं, मग चार सिलिंडरना चार वेगळ्या वेळी ठिणगी मिळते. आता रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. आळसावून येत असेल किंवा अडकत असेल तर आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजली आहेत किंवा वंगणाअभावी जाम आहेत. व्हॅक्यूमची डबी (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी) असेल तर तिची नळी तोंडाने ओढून जीभ लावा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. ओढ सुटली तर डायफ्राम फाटला आहे. हे सगळं ठीक असेल तर दोष बहुधा कंडेन्सर, रोटर किंवा कॅपमध्ये आहे. हलक्या प्रतीच्या रोटरमध्ये रिव्हेटमधून करंट शाफ्टला उतरतो आणि गाडी गरम झाल्यावरच बंद पडते. तेव्हा नवा डिस्ट्रिब्युटर घेणं म्हणजे पैसे वाया. आणखी एक गोष्ट: आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येतं. इथेनॉलमुळे जुन्या कार्ब्युरेटरवर मिश्रण पातळ होतं, पिकअप घेताना गाडी अडखळते आणि दोष डिस्ट्रिब्युटरवर जातो. म्हणून कार्ब्युरेटरही तपासून घ्या.

आता वाटा. जुन्या बॉडीचे बुश लेथवर नवे करून घेता येतात. खेळ किती ठेवायचा हे समजणारा टर्नर मात्र हवा. याचा मोठा फायदा म्हणजे ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा तुमच्याच इंजिनसाठी ठरवलेल्या राहतात. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या फियाट इंजिनाला आणि ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या बीएमसी इंजिनाला वेग वाढताना ठिणगी किती पुढे सरकली पाहिजे, हे त्यांच्या बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं, आणि ते त्या स्प्रिंगांमध्येच असतं. नाना पेठेत पॉइंट-कंडेन्सर अजून मिळतात. जुना न वापरलेला लुकास-टीव्हीएसचा माल सापडला तर घेऊन ठेवा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अख्खी बॉडीही कधी हाती लागते, पण तिथेही रोटर हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या वाटेचा तोटा म्हणजे देखभाल. पॉइंटची टाच झिजते, गेज कमी होतं आणि टायमिंग हळूहळू रिटार्ड होत जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कॅमवर चिमूटभर ग्रीस आणि रोटरखालच्या फेल्टवर दोन थेंब तेल, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते.

नवा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर सगळ्यात सोपा वाटतो. गुळगुळीत बॉडी, टाइट शाफ्ट, लगेच बसतो. माझा आक्षेप त्याच्या आतल्या स्प्रिंगांवर आहे. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून विकलेल्या नगाची ॲडव्हान्स तुमच्या इंजिनाशी जुळेलच असं नाही. आयडलला टायमिंग अचूक लावलं तरी ३००० आरपीएमला ते भलतीकडे असू शकतं. घ्यायचाच असेल तर त्यावरचा मॉडेल नंबर जुन्याशी जुळवा, आणि जुना भंगारात देऊ नका.

मॉड्यूलमध्ये पॉइंट नसतो. कॅमवर चुंबकांची लहान रिंग बसते आणि सेन्सर तिच्यावरून कॉइलचा करंट तोडतो. झिजायला टाच नाही, म्हणून लावलेलं टायमिंग टिकतं. दर रविवारी गाडी काढणाऱ्याला आणि रोज ऑफिसला नेणाऱ्यालाही मी हेच सुचवतो. पण अटी आहेत. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मीटरने मोजा. साधी पॉइंटवाली कॉइल साधारण ३ ओहमची असते, बॅलस्ट रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा वेगळा रेझिस्टर) वापरून चालणारी साधारण दीड ओहमची. बॅलस्ट न लावता दीड ओहमची कॉइल जोडली तर १२ व्होल्टला करंट ४ अँपिअरऐवजी ८ होतो आणि स्वस्त मॉड्यूल तेवढ्यावर जळतं. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नका. तांब्याच्या साध्या एचटी वायरी (प्लगला जाणाऱ्या जाड वायरी) काढून सप्रेशनवाल्या, म्हणजे विद्युत खरखर दाबणाऱ्या, लावा. काही जुन्या विलायती गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) असतं, त्यांना त्याच जातीचं मॉड्यूल लागतं. आणि मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ठोकून-घासून चालू होत नाही, म्हणून जुनी पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर गाडीतच ठेवा. पुणे-सातारा रस्त्यावर दहा मिनिटांत बसवून घरी येता येतं.

चौथी वाट उत्तम आणि महाग. नेदरलँड्समधल्या १२३ इग्निशनच्या काही मॉडेलांत १६ ॲडव्हान्स कर्व्ह असतात, लहान स्विच फिरवून त्यांतला आपल्याला हवा तो निवडायचा. पण बाहेरून मागवायचा म्हणजे कस्टम्स भरायचे, आणि उद्या बिघडला तर इथे तो उघडणारं कोणी नाही. एखादी दुर्मीळ गाडी असेल आणि तिची मूळ बॉडी सापडतच नसेल, तर हाच घ्यावा. रोजच्या पद्मिनीला मी इतका खर्च करणार नाही.

कोणतीही वाट घेतली तरी टायमिंग बसवणं तेच आहे, आणि गाडी तिथेच सुधारते किंवा बिघडते. जुना काढण्याआधी फोटो घ्या. इंजिन हाताने फिरवून एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा बाहेर ढकलली जाते, तेव्हा कॉम्प्रेशन स्ट्रोक आहे. टॉप दोनदा येतो, एक्झॉस्टलाही. चुकीच्या टॉपवर बसवला की बॅकफायर येतो. बीएमसीच्या इंजिनात खालच्या डॉगची (शाफ्टला फिरवणाऱ्या जोडाची) खाच मधोमध नसते, म्हणून तिथे डिस्ट्रिब्युटर उलटा बसतच नाही. ज्या इंजिनांत गिअर थेट शाफ्टवर असतो, तिथे आत जाताना रोटर थोडा फिरतो, तेवढा आधीच मागे ठेवून सोडावा लागतो. मग रोटर ज्या दिशेला फिरतो त्या दिशेने वायरी १-३-४-२ अशा लावा. फियाट आणि बीएमसी दोन्हींना हाच क्रम.

पॉइंट असेल तर गेज आधी, टायमिंग नंतर. गेज बदललं की टायमिंग बदलतं. मग पुलीची खूण हँडबुकातल्या डिग्रीवर आणा, इग्निशन चालू करा आणि १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग हळूहळू उलट फिरवा. बल्ब पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडला, तिथे बोल्ट घट्ट करा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे बॉडी एक डिग्री सरकली की क्रँकवर दोन डिग्रीचा फरक पडतो. म्हणून हात हलका ठेवा.

ही पद्धत पॉइंटला पुरते. प्रत्येक मॉड्यूलवर बल्ब चालतोच असं नाही. तिथे स्ट्रोब लाइट (ठिणगीच्या क्षणी लुकलुकणारा दिवा) लागतो आणि माझ्या मते तो सगळ्यांनीच वापरावा. पुलीच्या खाचेत पांढरा रंग भरा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडल कमी ठेवा आणि खूण बघा. मग रेस करा. खूण गुळगुळीत पुढे सरकली पाहिजे. ती थरथरत असेल तर शाफ्टमध्ये खेळ आहे, आणि ‘नवा’ म्हणून आणलेला नग तिथेच उघडा पडतो. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आहेत, त्यांच्या कानाचा मला आदर आहे. पण मोकळ्या आयडलला इंजिन ॲडव्हान्स टायमिंगवर खूश वाटतं, आणि चढावर लोड आला की तेच इंजिन नॉक मारतं.

म्हणून शेवटची चाचणी दिवे घाटात. हडपसरकडून सासवडच्या बाजूला चढताना टॉप गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. बोनेटखाली डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर बॉडी रोटरच्या दिशेने केसभर फिरवून रिटार्ड करा. आवाज नाही, पण गाडी जड ओढते आणि पाणी लवकर तापतं, तर उलट फिरवून थोडी ॲडव्हान्स द्या. दोन्ही वेळी बोल्ट घट्ट केल्यावर स्ट्रोबने पुन्हा बघा, कारण घट्ट करतानाच बॉडी सरकते.