उसाच्या ट्रॅक्टरवर लोरा ट्रॅकर: एका गाळप हंगामानंतरचा अभिप्राय

भुदरगड तालुक्यातील डोंगरकुशीतल्या फडांतून कारखान्यापर्यंत ऊस वाहणारे आमचे चार ट्रॅक्टर आहेत. बऱ्याच फडांत मोबाइलची रेंज नसल्यामुळे सिमकार्डावरचा जुना ट्रॅकर नेमका तिथेच गप्प होत असे, आणि ट्रॉली भरून निघाली की चिखलात रुतली हे चालकाने रस्त्यावर येऊन फोन केल्याशिवाय कळत नसे. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी पैशाचाच आहे. या हंगामात आम्ही चारही ट्रॅक्टरांवर लोरा ट्रॅकर आणि एक गेटवे, म्हणजे ट्रॅकरचे संदेश पकडून इंटरनेटवर पोहोचवणारे यंत्र, बसवला.

लोरा म्हणजे अत्यंत कमी माहिती, अत्यंत हळू, पण लांबवर पोहोचवणारी रेडिओ पद्धत. भारतात तिच्यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन दुकानांत 433 आणि 915 मेगाहर्ट्झची उपकरणेही सर्रास मिळतात, ती घेऊ नयेत. सर्वांत सावकाश पण सर्वांत लांब पोहोचणाऱ्या गतीला, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर 12 ला, अक्षांश-रेखांशाचा छोटासा संदेश पाठवायला सुमारे दीड सेकंद लागतो, तर 7 ला तोच एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जातो. म्हणून नकाशावर सतत सरकणारा ठिपका हवा असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आम्हाला दर तीन मिनिटांनी जागा कळली तरी पुरते.

पहिले दोन आठवडे निराशेचे गेले. गेटवे घराच्या गच्चीवर होता आणि गावाबाहेर पडताच संदेश तुटत. शेवटी एका स्नेह्याच्या टेकडीवरील शेतघरात, जिथे फायबरची जोडणी होती, तो उंच खांबावर हलवला. त्यानंतर पूर्वी कधीच न दिसलेले फड नकाशावर आले. महागड्या ट्रॅकरपेक्षा अँटेनाची उंची मोलाची, हे मी आता कोणालाही खात्रीने सांगेन. ट्रॅक्टरवरचा अँटेनाही छपराच्या वर हवा, कारण ट्रॉलीत उंच रचलेला ओला ऊस मागच्या बाजूचा सिग्नल अडवतो. विक्रेत्याने दिलेला आखूड अँटेना त्यासाठी अगदीच निरुपयोगी ठरला आणि वेगळा घ्यावा लागला.

आणखी एक दोष मूळ मांडणीतच होता. गेटवेमार्फत येणाऱ्या नेटवर्क सर्व्हरच्या सूचनेनुसार गती आपोआप बदलण्याची सोय लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरा यंत्रांच्या जाळ्याच्या नियमपद्धतीत, आहे, पण ती एका जागी असणाऱ्या यंत्रांसाठी आहे. फिरत्या वाहनावर ती चालू राहिल्याने उंचावर ठरलेली वेगवान गती दरीत उतरल्यावर अपुरी पडे. ती बंद करून स्प्रेडिंग फॅक्टर 10 वर कायम ठेवल्यावर खंड बराच कमी झाला. ही गोष्ट विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असायलाच हवी होती.

मासिक सिमखर्च नाही, ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर ताण जाणवत नाही, आणि रात्री काट्यासमोरच्या रांगेत आपली गाडी कितवी आहे याचा अंदाज घरबसल्या येतो. एका दरीतले तीन फड मात्र अजूनही अंधारातच आहेत. तिथल्या देवळाच्या माळावर दुसरा गेटवे बसवण्यासाठी ग्रामस्थांशी बोलणे सुरू आहे.