पद्मिनीचा सेल्फ आणि साडेसहाशेचा मल्टिमीटर : आठ महिन्यांचा अनुभव

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी शिवाजी पार्कजवळच्या आमच्या गल्लीत उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. गेल्या जूनमध्ये तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरायला लागला. घर्र... घर्र... आणि गप्प. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, म्हणून सेल्फ उतरवून कार्बन ब्रश बदलले. तेही पैसे पाण्यात गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली आणि या गाडीचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्रीही शोधावे लागू लागले. शेवटी मी लॅमिंग्टन रोडवरून व्होल्ट, ओहम मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आणला.

उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटर बीपवर लावून जाड वायरी तपासल्या. सगळीकडे बीप वाजला आणि वायरी ठीक आहेत असं मी धरून चालले. आठवडा त्यातच गेला. बीप एवढंच सांगतो की वाट कुठेतरी जोडलेली आहे. दहा तारांपैकी नऊ तुटल्या तरी तो वाजतोच. सेल्फ ऐंशी अँपिअर ओढत असला, तर वाटेतला ०.०४ ओहमचा अडथळासुद्धा ३.२ व्होल्ट खातो, आणि इतका बारीक अडथळा माझ्या मीटरला ओहमवर दिसतच नाही. त्यामुळे मोजायचं ते सेल्फ फिरत असताना, आणि व्होल्टमध्ये.

रविवारी सकाळी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, इंजिन पकडू नये म्हणून ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलची बारीक वायर काढलेली. बाबा सीटवर बसले. मी म्हटलं, "बाबा, आता फिरवा." बॅटरीवर ११.२. इथे साडेनऊच्या खाली आकडा आला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता. मग मीटरचा एक प्रोब (वायरीच्या टोकाची सळई) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा बॉडीवर : ०.०५. तोच दुसरा प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर टेकवला : ३.२! तिथे ०.२-०.३च्या वर जायला नको. म्हणजे सेल्फला जेमतेम आठ व्होल्ट मिळत होते आणि दोष इंजिन ते बॉडीच्या अर्थिंग पट्टीत होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत येतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, हा चोक गरम लागतोय." पट्टीतून वाट मिळेना, तेव्हा करंटने चोकच्या, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या मुठीच्या, केबलमधून वाट काढली होती. जुन्या गाडीत सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम झाली, तर आधी अर्थिंग बघा.

पट्टी वरून धडधाकट. बोल्ट सोडल्यावर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) हिरवट चुरा आणि आतल्या तारा तुटलेल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, त्यात पावसाळा. कुर्ल्याहून तांब्याची विणलेली पट्टी आणली, बॉडी आणि इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासली, घट्ट कसली, वर व्हॅसलिन लावलं. पुन्हा मोजलं : ०.१. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाबांनी ती बंद केली आणि लगेच पुन्हा सुरू केली, तीन वेळा.

मीटरबद्दल. आकडे आजही भरवशाचे वाटतात. पण आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे किल्ली पाच सेकंद धरावी लागते, त्यापेक्षा जास्त नको. किमान आकडा धरून ठेवायची सोय असलेला मीटर घेतला असता तर बरं झालं असतं. क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्याव्या लागल्या, त्यांच्याशिवाय एकटीला काम जमत नाही. सातव्या महिन्यात काळ्या प्रोबची वायर मुळाशी तुटली. आणि एक कळकळीने सांगते : करंट मोजायला सेल्फच्या वाटेत हा मीटर कधीच लावू नका, त्याची मर्यादा दहा अँपिअर आहे. प्लगच्या वायरीला तर टेकवायचाच नाही. ऑगस्टमध्ये सेल्फ छान फिरूनही इंजिन पकडत नव्हतं, तेव्हा दोष डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीतल्या ओलाव्यात निघाला. तिथे मीटर नाही, कोरडं फडकं कामाला आलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन आकडे वहीत जातात. या महिन्याचे : उभी १२.५, सेल्फवर १०.३, अर्थिंग ०.१२. पट्टीचा आकडा थोडा वर सरकलाय, म्हणून जूनच्या आधी ते बोल्ट पुन्हा उघडणार आहे.