आरटीके रिसीव्हर : दिवसा चोख, मार्चच्या रात्री बेभरवशाचा

सोलापूर परिसरात प्लॉट आणि जलवाहिन्यांच्या आखणीसाठी मी गेली दोन वर्षे एका कंपनीचा दोन फ्रिक्वेन्सींचा आरटीके संच वापरत आहे. उपग्रहांच्या सिग्नलांवरून तो सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगतो: बेस एका जागी ठेवायचा आणि दांड्यावरचा रोव्हर घेऊन फिरायचे. दिवसाच्या कामाबद्दल तक्रार नाही: मोकळ्या माळावर काही सेकंदांत ‘फिक्स’, म्हणजे पक्की जागा, मिळतो आणि बॅटरी दिवसभर पुरते.

अडचण रात्रीची आहे. मार्चमध्ये येथे दुपारी रानात उभे राहवत नाही, म्हणून आम्ही कामे सूर्यास्तानंतर घेतो. होटगी रस्त्यालगतच्या एका आखणीत साडेआठच्या सुमारास पडद्यावरचा ‘फिक्स’ जाऊन ‘फ्लोट’, म्हणजे अंदाजी जागा, आला, चार-पाच उपग्रहांचे सिग्नल एकाएकी तुटू लागले आणि पाऊण तास दांडा धरून उभे राहिल्यावरही अंक स्थिरावले नाहीत. विक्रेत्याने अँटेना बदलायला सांगितले. ती बदलली, पुढच्या संध्याकाळी तेच.

दोष आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, होता. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो आणि त्याच सुमारास विषुववृत्तावर बळावणारे पूर्वाभिमुख विद्युतक्षेत्र दाट थर वर उचलते. हलक्या द्रवावर जड द्रव ठेवावा तशी ही रचना कोसळते आणि विरळ प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, बुडबुडे वर चढतात. ते चुंबकीय बलरेषांच्या आधाराने उत्तर-दक्षिण पसरत असल्यामुळे, चुंबकीय विषुववृत्त दूर दक्षिणेत तिरुनेलवेलीच्या बाजूला असूनही, सोलापूर त्यांच्या टप्प्यात येते. कोल्हापुरातील कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशाच्या ६३० नॅनोमीटरच्या मंद तांबड्या प्रकाशात त्यांचे काळे पट्टे टिपले आहेत. बेस जवळ असल्यास आयनांबरामुळे होणारा विलंब बहुतांशी वजा होतो, पण बुडबुड्यांतील घनतेच्या चढउतारांनी सिग्नल लुकलुकतो, त्यावर ही वजाबाकी चालत नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या स्वार्म उपग्रहांनी सुमारे ४५० ते ५०० किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉनांची घनता प्रत्यक्ष मोजली. अशा बुडबुड्यांतून जाताना त्यांच्या स्वतःच्या जीपीएस रिसीव्हरांचेही सिग्नल तुटले आहेत. हे वाचल्यावर यंत्रावरचा माझा राग निम्मा ओसरला.

उरलेला कंपनीवर आहे. लुकलुक मोजणारा एस-४ निर्देशांक पडद्यावर दाखवता आला असता, आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, रात्रीचे काम जपून घ्यावे एवढी एक ओळ माहितीपुस्तिकेत सहज मावली असती. घेणाऱ्याने दिवसाच्या कामासाठी हा संच निःशंक घ्यावा. त्या महिन्यांत मी आता पहाटे पाचला आखणी सुरू करतो. अँटेनाचे पैसे मात्र अजून परत मिळालेले नाहीत.