‘जुने जंपिंग आम्ही विकत घेतो’: थार लिफ्ट करायच्या आधी हे वाचा

थार उचलून मोठे टायर टाकायचे ठरवलं असेल आणि दुकानदार म्हणाला, ‘जुने जंपिंग, स्प्रिंग आमच्याकडेच राहू द्या, तेवढे पैसे बिलातून कमी करतो’, तर तिथेच थांबा. (जंपिंग म्हणजे धक्के शोषणारे शॉक.) मला फसवलं ते याच सवलतीने. प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हा प्रकार एकाच दुकानापुरता नसणार, आणि यात जिवाशी खेळ आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमची शेती वेल्ह्याकडे. पावसाळ्यात शेवटच्या टप्प्यात रस्ता असा नसतोच, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. माझी थार 2020 नंतरची, 245/75 आर 16 टायरवाली. दुकानदाराने सुचवलं, 285/75 आर 16 टाका, म्हणजे जवळपास 33 इंची. त्यासाठी गाडी दोन इंच उचलावी लागेल. किट बाहेरच्या देशातलं, पूर्ण: चार शॉक, चार स्प्रिंग, पुढचे वरचे आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे), लांब ब्रेक पाइप. किंमत 1,45,000 रुपये. जुन्या सामानाचे 18,000 वजा. रिम आणि स्टेपनीसकट पाच टायर वेगळे. ‘सर, दोन इंच लिफ्ट म्हणजे खालून दोन इंच जास्त जागा,’ हेही वर.

हे शेवटचं वाक्य आधी खोडून काढतो, कारण बरेच जण त्यालाच भुलतात. लिफ्ट किटने बॉडी आणि चेसिस वर जातात. मागचा अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधला गोटा (डिफरन्शियल) चाकांना जोडलेला असतो, तो होता तिथेच राहतो. गोटा वर जातो तो फक्त टायरच्या उंचीने, तोही निम्म्या फरकाने. 245/75 चा व्यास साधारण 774 मिलिमीटर, 285/75 चा 834. फरक 60, म्हणजे गोट्याखाली जास्त मिळाले 30 मिलिमीटर. सव्वा इंच सुद्धा नाही.

गाडी हातात आली तेव्हा लाल शॉक, पिवळे स्प्रिंग, परदेशी कंपनीचे स्टिकर, शॉकवर रबरी बूट (आवरण). सगळं झगझगीत. बिलावर मात्र एवढंच: ‘सस्पेन्शन वर्क’. किटचा पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर ‘सर, इम्पोर्टचे पेपर आले की देतो’.

थोड्याच दिवसांत खड्ड्यात पुढून ‘टक्क’ असा आवाज यायला लागला. पुढच्या टायरची बाहेरची कड झिजू लागली. दुकानात नेली की एकच उत्तर, ‘नवीन किट आहे, सेट व्हायला वेळ लागतो.’ एकदा ताम्हिणी उतरून आल्यावर पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं. पौडला एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी घातली.

मिस्त्रींनी चाक काढलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फडकं थिनरमध्ये बुडवून शॉकवर घासलं. लाल रंग फडक्यावर उतरला. खाली काळा रंग, आणि अर्धवट खरवडलेलं पार्ट नंबरचं स्टिकर. ‘दादा, हे गाडीबरोबर आलेलंच जंपिंग आहे. रंग मारलाय नुसता.’ वरची बाजू दाखवली: शॉकच्या माथ्यावर लेथवर काढलेली नायलॉनची जाड चकती. मागच्या स्प्रिंगच्या डोक्यावरही तसलीच. वरचे आर्म जुनेच. ब्रेकचे पाइपही जुनेच, गाडी जॅकवर घेतली की ताणून टाइट होत होते.

म्हणजे जे सामान मी 18,000 रुपयांना ‘विकलं’, ते माझ्याच गाडीत होतं. जुनं सामान दुकानातच राहणार म्हटल्यावर ते बघायला कोण मागतो? ती सवलत त्यासाठीच होती.

चकतीने गाडी उंच दिसते, हे खरं. पण थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होतं. शॉक तेवढाच लांब, आणि तो चकतीमुळे खाली सरकला, तर चाक लटकताना पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं. चाकाला फिरवणारा अ‍ॅक्सल मग नको तेवढ्या कोनात वाकतो, त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. वरचा बॉल जॉइंटही (वरच्या आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) मर्यादेपलीकडे ताणला जातो. तो ‘टक्क’ आवाज त्याचाच होता. घाटाच्या उतारावर बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. मागे माझी मुलं बसलेली असतात. राग येतो तो पैशांपेक्षा याचा.

टायर तेव्हाच तपासले. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. तारखेसकटचा पूर्ण कोड सहसा एकाच बाजूला असतो, आणि माझ्या चारही टायरची ती बाजू आत बसवलेली होती. गाडीखाली आडवं झाल्याशिवाय वाचता येत नव्हती. दोन टायर बाकीच्यांपेक्षा कित्येक वर्षं जुने निघाले. टायरमध्ये हवा भरण्याआधीच आकडे बघून घ्या आणि तारखेची बाजू बाहेर बसवायला लावा.

‘आरटीओ पासिंग’ म्हणून एक लॅमिनेट केलेलं कार्डही मिळालं होतं, दुकानाच्या शिक्क्याचं. त्याला काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदाराचं कार्ड ना पोलीस मानतात ना विमा कंपनी. कोणताही बदल असो, आधी आरटीओत स्वतः जाऊन विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, मग नोटीस, मग जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार करायची मुदत मात्र दोन वर्षांची. मिस्त्रींनी रंग पुसतानाचा व्हिडिओ आणि दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे किटचे फोटो, हेच माझे मुख्य पुरावे. पैसे रोख न देता यूपीआयने दिले होते, त्याचाही फार उपयोग झाला.

आधीच कुणाची गाडी अशी उचलून झाली असेल तर पुढच्या घाटाआधी एवढं करा. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकामागचा अ‍ॅक्सलचा बूट टॉर्चने बघा, चीर किंवा ओलं ग्रीस आहे का. गाडी जॅकवर घेऊन चाक लटकू द्या, ब्रेकचा पाइप ताणलेला दिसतो का बघा. शॉकवरचा रबरी बूट वर सरकवून थिनरचं फडकं फिरवा. रंग उतरला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.