गॅस-पेट्रोल सोडून घर विजेवर आणल्यानंतरचा अनुभव

स्वयंपाकाची शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र आणि मोटारगाडी ही तिन्ही विजेवर आणून आता बरेच महिने झाले असून, या काळात कडक ऊन आणि कडाक्याची थंडी दोन्ही अनुभवून झाली आहे. नव्याची नवलाई ओसरल्यावर जे मत उरले ते आधीच सांगतो. साधने तिन्ही चांगली निघाली. मात्र हा बदल सुखाचा होतो की डोकेदुखीचा, हे साधनांपेक्षा घराच्या मीटर-बोर्डावर अधिक अवलंबून असते, आणि हा विषय विक्रेते शेवटी काढतात किंवा काढतच नाहीत.

गॅसवर चालणाऱ्या घराला एकाच वेळी किती ऊर्जा खेचली जाते याचा हिशेब करण्याची वेळ सहसा येत नाही. विजेचे तसे नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ३२ अँपिअरचा मोटारचार्जर सुमारे ७.४ किलोवॉट घेतो, चार भागांची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर जवळपास तेवढेच मागते, आणि साध्या कॉइलच्या गिझरचे आणखी २ किलोवॉट धरले तर बेरीज १६ किलोवॉटच्या पुढे जाते. ६३ अँपिअरची एकफेजी (सिंगल फेज) जोडणी मात्र साडेचौदा किलोवॉटच्या आसपासच संपते. संध्याकाळी सगळे घरी परतल्यावर ही तिन्ही कामे एकाच तासात सुरू होतात, हे वेगळे सांगायला नको. यावर दोन उपाय आहेत: मंजूर भार (वीज कंपनीने घराला ठरवून दिलेली वापराची मर्यादा) वाढवून घेणे, किंवा घरातील एकूण वापर पाहून स्वतःचा प्रवाह कमी-जास्त करणारा चार्जर बसवणे. आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि तो पुरेसा ठरला. मुख्य केबलभोवती एक छोटी कडी बसवलेली असते, ती एकूण प्रवाह मोजून चार्जरला कळवते. शेगडीचे दोन भाग जोरात लावले की चार्जरच्या पडद्यावरचा ३२ चा आकडा टप्प्याटप्प्याने खाली येतो, आणि शेगडी बंद केली की थोड्याच वेळात पुन्हा वर चढतो. ६ अँपिअरपेक्षा कमी प्रवाहावर चार्जिंग चालत नाही, त्यामुळे तेवढीही जागा उरली नाही तर ते थांबून राहते. मोटार रात्रभर उभीच असल्याने याने काहीही बिघडत नाही.

वायरिंगच्या बाबतीत काटकसर करू नये. चार्जरला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तपासून घेतलेले अर्थिंग आणि योग्य प्रकारचे आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन) या तीन गोष्टींना पर्याय नाही. मोटारीच्या चार्जरमधून एकदिश (डीसी) प्रवाहाची गळती होऊ शकते आणि ती साध्या आरसीसीबीला ओळखता येईलच असे नाही; म्हणून ६ मिलिअँपिअरची अशी गळती ओळखणारी सोय चार्जरमध्येच आहे का, हे विचारून घ्यावे, आणि नसल्यास ‘बी’ प्रकारचे आरसीसीबी बसवावे. आमच्याकडे आलेल्या पहिल्या वायरमनने हा प्रश्न हसण्यावारी नेला, तेव्हा काम दुसऱ्याकडे दिले.

इंडक्शन शेगडीबद्दल मी निःशंक आहे. काचेखालच्या कॉइलमधून अतिशय वेगाने दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे भांड्याच्या तळातच विद्युतप्रवाह निर्माण होऊन तळ तापतो; मध्ये ज्योत नसल्याने आजूबाजूची हवा फुकट तापत नाही. पाणी उकळायला लागण्याचा वेळ ठळकपणे कमी झाला आणि उतू जाऊ लागलेले दूध बटण दाबताच खाली बसते. तक्रारी आहेत, पण त्या बहुतेक भांड्यांविषयीच्या आहेत. लोहचुंबक तळाला घट्ट चिकटत नसेल तर ते भांडे निरुपयोगी. ॲल्युमिनियम, तांबे आणि गोल बुडाची भांडी बाजूला पडली. थरांच्या तळाची काही भांडी मोठ्या आचेवर बारीक शिट्टीसारखा आवाज करतात, तो निर्धोक असला तरी कानाला लागतो. कॉइलपेक्षा भांडे मोठे असेल तर त्यात थोडे पाणी घालून पाहावे: बुडबुडे आधी एका वर्तुळातच उठतात आणि कडा बराच वेळ शांत राहतात. खरेदीपूर्वी कॉइलचा व्यास विचारायचा तो यासाठीच. स्वस्त शेगड्या मंद आच देण्यासाठी पूर्ण जोर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असा खेळ करतात आणि त्यात नाजूक पदार्थ तळाशी लागतो; सलग मंद आच देणाऱ्या शेगडीसाठी जादा पैसे मोजणे मला योग्य वाटले. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने मात्र चालू शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे.

स्वयंपाकघरातील हवेत पडलेला फरक जाणवण्यासारखा आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, तो आता नाही. उष्माही कमी झाला. तळणीचा धूर मात्र आहे तसाच आहे, तेव्हा चिमणी काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नये.

खर्चाचा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचे उत्तर आपापल्या दराने काढावे, सूत्र सोपे आहे. एक किलो एलपीजीमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. ज्योतीवर त्यातील ४० टक्के भांड्यात पोहोचते असे धरले, तर ती सुमारे पाच युनिट होते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेवढ्याच कामाला सहा युनिट वीज लागते. एक किलो गॅसचा दर सहा युनिट विजेपेक्षा जास्त असेल तरच इंडक्शन स्वस्त.

पाणी तापवण्यासाठी आम्ही हीट पंप घेतला, आणि घरातील सर्वांत मोठी बचत तेथे आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास साडेतीन युनिट उष्णता लागते. कॉइलचा गिझर ती सगळी विजेतून देतो, तर हीट पंप बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेत असल्याने अनुकूल हवामानात त्याला याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज पुरते. पण हे यंत्र संथ आहे. टाकी रिकामी झाली की पुन्हा भरपूर गरम पाणी मिळायला तास मोजावे लागतात, म्हणून टाकी गरजेपेक्षा एक माप मोठी घ्यावी. ज्या खोलीत ते बसवले ती खोली थंड पडते, हवेतील ओलावा नळीतून थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि त्यासाठी निचऱ्याची सोय करावी लागते. पंख्याची घरघर झोपण्याच्या खोलीशेजारी नकोच. कडक थंडीत त्याची कार्यक्षमता घसरते, तेव्हा आतील मदतीची कॉइल आपोआप सुरू होते आणि बचत हळूच निसटते, म्हणून सेटिंग अधूनमधून पाहत जावे.

मोटारीबाबत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर सर्वत्र भरभरून लिहिले जाते. घरी चार्जिंगची सोय असेल तर पेट्रोलपंपाची रांग सुटते. नसेल तर मी सध्या थांबायला सांगेन. एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाणारी मोटार आणि एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाणारी विजेची मोटार यांची तुलना केली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच युनिट वीज लागते. थंडीत आणि महामार्गावरील वेगात पल्ला चांगलाच घटतो. जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर गती मंदावते, त्यामुळे लांबच्या प्रवासात तेवढ्यावरच निघणे वेळेच्या दृष्टीने परवडते. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, हे नव्या चालकाला सांगून ठेवावे. गाडीचे वजन आणि जोर दोन्ही जास्त असल्याने टायर लवकर झिजतात. शिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असतेच, ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

वीज गेली की स्वयंपाक थांबतो, हा या व्यवस्थेचा खरा दोष आहे. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी एक साधी गॅस शेगडी जवळ ठेवण्यात कमीपणा नाही. मोटारीतून घरगुती उपकरणांना वीज देण्याची सोय असेल तर एक सुटी इंडक्शन प्लेट तिच्यावर चालू शकते, मात्र मोटार किती वॉट बाहेर देते ते आधी पाहावे. नळाने गॅस येत असेल आणि दरमहा स्थिर आकार भरावा लागत असेल, तर एक जरी साधन गॅसवर शिल्लक असेपर्यंत तो आकार चुकत नाही. म्हणून शेवटचे साधन बदलण्यात फार दिवस घालवू नयेत, आणि ते निघाल्यावर जोडणी रीतसर बंद करून नळीचे तोंड अधिकृत कारागिराकडूनच बुजवून घ्यावे.