नावेवरच्या सावलीसाठी प्लॅस्टिकचा पाइप घ्यावा, बांबू, की धातूची नळी?

नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्या नावेत दोन-तीन तास बसणे ही केवळ गैरसोय राहत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वरचे ऊन तर लागतेच, पण पाण्यावरून परतणारे ऊनही चेहऱ्यावर येते. त्यामुळे गोसीखुर्दच्या जलाशयात किंवा एखाद्या गावतळ्यात ज्याची स्वतःची छोटी नाव आहे, तो कधी ना कधी तिच्यावर छत उभारण्याचा विचार करतोच. आपल्या नावेच्या मापाचे तयार घडीचे छत इकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही, म्हणून नजर सर्वांत आधी नळकामाच्या पांढऱ्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, पाइपाकडे जाते. हा विचार चुकीचा नाही. मात्र तो पक्का करण्यापूर्वी त्याच कामाला येणाऱ्या इतर वस्तूंशी ताडून पाहिला पाहिजे. पुढचे सर्व हिशेब साधारण १२ ते १४ फूट लांब, दीड मीटर रुंद नाव आणि ६ फूट बाय ५ फूट छत धरून केले आहेत.

सांगाड्याला कापडाचे वजन पेलायचे आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कापड दोन-तीन किलोंचेच असते. सांगाड्याची खरी परीक्षा वारा घेतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा छताखाली शिरला, तर ढोबळ मानाने प्रत्येक चौरस मीटरमागे साडेसात किलो, म्हणजे आपल्या छतावर एकवीस किलोंच्या आसपास उचल बसते. वारा ताशी ६० किलोमीटरवर गेला की हीच उचल ४५ किलोंच्याही पुढे जाते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आपल्याकडे जी अवकाळी वादळे उठतात, त्यांना एवढा वेग सहज गाठता येतो, आणि नावेला इंजिन असेल तर तिचा स्वतःचा वेगही समोरून येणाऱ्या वाऱ्यात मिळवावा लागतो. कोणती वस्तू घ्यावी, हे वजन आणि किंमत यांच्याही आधी या आकड्यांवरून ठरवावे.

आता प्लॅस्टिकच्या पाइपाबद्दल. त्याची सोय निर्विवाद आहे. करवतीने तो कापता येतो, एल्बो (कोपऱ्याचा जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, सोल्युशन म्हणजे पाइपाचा डिंक लावून सांधा जोडता येतो, वेल्डरकडे जावे लागत नाही आणि पाण्याने तो गंजत नाही. एक इंची शेड्यूल ४० (ही भिंतीच्या जाडीची प्रत) पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, जाडी सुमारे ३.४ मिलिमीटर आणि वजन मीटरला साधारण ४५० ग्रॅम असते. आपल्या छताला अठरा मीटर पाइप लागेल असे धरले, तर सांगाडा आठ किलोंच्या आसपास भरतो. अडचण कडकपणाची आहे. वर सांगितलेल्या ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा भार तीन आडव्या दांड्यांवर वाटला गेला, तरी दीड मीटरची प्रत्येक दांडी मध्यभागी सहा-सात सेंटिमीटर वाकते. त्याच मापाची पोलादी नळी एक मिलिमीटरच्या आसपासच वाकेल. शिवाय हा हिशेब थंड पाइपाचा आहे. यूपीव्हीसी साधारण ६० अंशांपर्यंतच वापरावा असे मानले जाते आणि ८० अंशांच्या सुमारास तो मऊ पडतो. त्याच्या बराच आधीपासून त्याची ताकद उतरू लागते. किनाऱ्यावर उन्हात उभ्या केलेल्या नावेचा पाइप दुपारी हातात धरवत नाही. अशा वेळी कापड करकचून ताणलेले असेल, तर पाइप हळूहळू त्या ताणाच्या दिशेने झुकतो आणि संध्याकाळी निवल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. या कारणामुळे पाइप वाकवून केलेल्या कमानींपेक्षा सरळ तुकडे आणि एल्बो यांचा चौकोनी सांगाडा अधिक भरवशाचा ठरतो, कारण कमान मुळातच कायमच्या ताणाखाली असते.

उन्हातल्या अतिनील किरणांचा परिणाम सावकाश होतो, पण होतोच. पृष्ठभागावर खडूसारखी पांढरी भुकटी येऊ लागली की पाइप ठिसूळ होत चालला आहे असे समजावे. हलक्या रंगाचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग दोन हात दिल्यास हे बरेच लांबते. ठिसूळ पाइप सहसा भोकापाशीच चिरतो. ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या कडेला केसासारखी बारीक रेघ दिसते, बोल्ट आवळला की ती लांबत जाते आणि वाऱ्याच्या एखाद्या झटक्यात पाइप तिथूनच दुभंगतो. म्हणून भोके शक्य तितकी कमी पाडावीत, ती दांडीच्या मध्यावर मुळीच पाडू नयेत आणि कापड बोल्टऐवजी दोरीने बांधावे. वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त असतो म्हणून या कामाला घेऊ नये. त्याची भिंत एवढ्या भाराची नसते.

बांबूला या तुलनेत मागच्या बाकावर बसवणे अन्यायाचे होईल. विदर्भात तो मुबलक आहे, त्याच्या कांबी काढून कमानी वळवणारे कसबी बुरूड आपल्याकडे आहेत आणि पक्क्या बांबूचा कडकपणा यूपीव्हीसीच्या कितीतरी पट असतो. तो उन्हाने मऊ पडत नाही आणि मोडण्यापूर्वी कडकडून इशारा देतो. त्याला भुंगा लागतो, ओल-कोरड होऊन तो तडकतो आणि सुंभाने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधलेले सांधे दरवर्षी नव्याने आवळावे लागतात. वल्ह्याने चालणाऱ्या डोंग्यासाठी आणि ज्यांना हंगामागणिक थोडी डागडुजी करण्याची सवय आहे त्यांच्यासाठी मी बांबूच सुचवीन, आणि यात जुन्या पद्धतीविषयीच्या जिव्हाळ्याचा काही संबंध नाही.

धातूत दोन मार्ग आहेत. पाण्याच्या लाइनचा एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप घेतला, तर सांगाडा चाळीस किलोंच्या वर जातो. एवढे वजन डोक्याच्या उंचीवर नेले की अरुंद नाव डुलू लागते, म्हणून तो विचार सोडून द्यावा. त्याऐवजी १८ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीची, एक इंची गोल लोखंडी नळी घ्यावी. तिचा सांगाडा तेरा किलोंच्या आसपास बसतो आणि कडकपणा वरच्या यूपीव्हीसी पाइपाच्या बारा-तेरा पट मिळतो. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचे स्टँड करून देणारा वेल्डर जवळपास प्रत्येक वस्तीत असतो. त्याला माप दिले तर हे काम तो सहज करतो. रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात आणि वरून रंग एवढे संरक्षण तिला आवश्यक आहे. आपले पाणी गोडे असल्यामुळे समुद्रावर लागणाऱ्या महागड्या स्टेनलेस स्टीलचा आग्रह येथे धरण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियमची दीड मिलिमीटर जाडीची एक इंची नळी सर्वांत उजवी आहे: सांगाडा सहा किलोंचा, म्हणजे प्लॅस्टिकपेक्षाही हलका, आणि कडकपणा त्याच्या पाच-सहा पट. ती महाग पडते आणि तिचे वेल्डिंग कुणाही वेल्डरला जमत नाही, म्हणून सांधे क्लॅम्प आणि बोल्ट वापरून करावे लागतात.

सांगाड्याइतकाच विचार कापडाचा करावा, कारण प्लॅस्टिकचा पाइप टिकणार की नाही हे पुष्कळ अंशी तेच ठरवते. ताडपत्री पूर्ण सावली देते आणि पाऊस अडवते, पण वाराही पूर्ण अडवते आणि तिच्याखाली कोंदट गरमी साठते. शेडनेटमधून हवा जाते. उन्हाळ्यात शहरातल्या सिग्नलवर दुचाकीस्वारांसाठी टांगलेली हिरवी जाळी सर्वांनी पाहिलेलीच आहे. ७५ टक्के सावलीची जाळी लावली तर डोक्यावरचे ऊन पुरेसे कमी होते आणि उचलीचा जोर ताडपत्रीच्या मानाने बराच घटतो. प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर जाळीच लावावी, ताडपत्री लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसापासूनही आडोसा हवा असेल, तर सांगाडा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचाच हवा.

तेव्हा वल्ह्याची किंवा अगदी संथ चालणारी नाव, वर जाळी आणि काम झाल्यावर छत काढून घरी नेण्याची तयारी असेल, तर प्लॅस्टिकचा पाइप निःशंकपणे घ्यावा. इंजिनाच्या नावेला, किंवा वर्षभर किनाऱ्यावर उघड्यात राहणाऱ्या नावेला तो घेऊ नये. या दोहोंच्या मधला आणि मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे चार उभे खांब लोखंडी नळीचे आणि वरची चौकट तेवढी यूपीव्हीसीची ठेवणे. सर्वाधिक ताण खांबांच्या बुडाशी येतो, आणि तिथे प्लॅस्टिक नसले म्हणजे बहुतेक भीती संपते.

कोणताही सांगाडा निवडला तरी खांब नावेच्या काठावर नुसते स्क्रूने ठोकू नयेत. काठाच्या आतल्या बाजूला जाड फळीचा किंवा पत्र्याचा तुकडा देऊन आरपार बोल्ट घालावा, चारही कोपऱ्यांतून पुढे-मागे तिरपे पट्टे ओढून घ्यावेत आणि छताची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर एवढीच ठेवावी. जाळी बांधताना सरगाठ मारावी, कारण पश्चिमेकडून धुळीचा लोट येताना दिसला तर गाठी सोडवत बसायला वेळ नसतो. एका ओढीत जाळी मोकळी करून नावेच्या तळाशी गुंडाळून ठेवता आली पाहिजे.