क्रेयोलाची 'कलर्स ऑफ द वर्ल्ड' पेटी: सावळ्या लेकरांच्या आईबापांनी वाचा

लातूरला गंजगोलाईत कुठल्याबी स्टेशनरीच्या दुकानात जावा, खडूच्या पेटीत माणसाच्या अंगाचा म्हणून एकच फिक्का गुलाबीसर खडू असतोय आणि दुकानदारापासून शाळेतल्या बाईपर्यंत सगळे त्यालाच 'स्किन कलर' म्हणतेत. आमच्या घरात तो फक्त ह्यांना लागू पडतो, मग मी आणि लेक कुठल्या खडूनं रंगवायची? म्हणून क्रेयोला ह्या अमेरिकन खडू कंपनीची ही पेटी ऑनलाईन मागवली.

२४ खडू आहेत, एकदम फिक्क्यापासून पार गडद तपकिरीपर्यंत, त्यात परत बदामी, सोनेरी, गुलाबी अशा झाका. कंपनीनं २०२० ला काढली, मेकअपच्या रंगात मुरलेल्या व्हिक्टर कसाले ह्यांना सोबत घेऊन, आणि ते दिसतंय, कारण गडद खडू नुसते मातकट नाहीत, उन्हात रापलेल्या हाताचा रंग खरंच सापडतो त्यात.

आता खरं कारण सांगते. लेक दत्तक आहे, कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या वेबसाईटवर नाव नोंदवून, रांगेत थांबून घरी आणली, लपवण्यासारखं काही नाही. पण बघायला आल्या तेव्हा आत्याबाई मनल्या, "जरा उजळ नव्हती का गं मिळत?" प्रेमानंच मनल्या हो, त्यामुळं भांडता बी येईना.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोनं १९४० च्या आसपास ३ ते ७ वर्षांच्या २५३ काळ्या लेकरांना गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या दाखवल्या, बहुतेकांनी गोरीच छान म्हणून निवडली. १९५४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्या लेकरांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळांची पद्धत बेकायदा ठरवताना ह्या कामाचा आधार घेतला म्हणून बाहुल्या गाजल्या. पण त्यांनी लेकरांना खडू देऊन 'स्वतःला रंगव' असंबी सांगितलं होतं, आणि बरीच लेकरं स्वतःला आहेत त्याहून फिक्की रंगवायची. आमची पोरगी पेटी उघडल्या उघडल्या तेच करायली, स्वतःला सगळ्यात फिक्का खडू आणि गडद खडू कुणाला, तर चोराला.

म्हणजे पेटी आणली की झालं, असं काही नाही. गोऱ्या आईबापांनी काळी, कोरियन लेकरं दत्तक घेतली त्यांच्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. रिचर्ड ली ह्यांनी २००३ ला मांडलं की असल्या लेकराला आईबापामुळं गोऱ्यांसारखी वागणूक मिळती, पण समाज त्याला अल्पसंख्यच धरतो. आणि 'आम्हाला रंग दिसतच नाही' म्हणणारे आईबाप नेमकं ह्यावर लेकराशी कमी बोलतेत. आपल्याकडं वंशाचा प्रश्न तसा नाही, रंगाचा आहे (आणि रंगावरून जात हुंगणारे आहेतच की), पण गप्प बसायची सवय तीच.

म्हणून मी तिच्याजवळ बसून सगळ्यांच्या मनगटाला खडू लावून बघायचा खेळ काढला. आत्याबाई आल्या तेव्हा त्यांचाबी हात धरला, खडू निघाला लेकीचाच, तंतोतंत! त्यांचं तोंड बघण्यासारखं झालतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आपला खडू कुठंय गं?"

५ पैकी ४ स्टार. एक कापला किमतीसाठी, साध्या पेटीच्या मानानं महागच वाटती. ह्याच रंगांच्या पेन्सिलीबी मिळतेत, पण बालवाडीतल्या लेकरांना खडूच द्या. आणि शाळेसाठी चारपाच जणींनी मिळून एक घेतली तर परवडंल, तिथंच जास्त गरज हाय.